क्नीफाल : जर्मन शब्दातील ‘जानु’

प्रश्न : गुडघे टेकून वंदन करण्याला जर्मनमध्ये ‘क्नीफाल’ म्हणतात. यातील ‘क्नी’चे आपल्या ‘जानु’शी आणि ‘फाल’चे ‘पतना’शी नाते आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला पहिला तर्क अचूक आहे, दुसरा मात्र टिकत नाही.

‘क्नी’ म्हणजे गुडघा. सिद्धेश्वराच्या मंदिरात आपण जो साष्टांग नमस्कार घालतो, त्याच्या श्लोकातील ‘जानुभ्याम्’, तसेच लॅटिन ‘गेनू’ आणि ग्रीक ‘गोनू’ ही सारी त्याचीच भावंडे होत. या साऱ्या भाषा ज्या एका प्राचीन मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातील ज्या ध्वनीचा संस्कृतात ‘ज’ झाला, त्याचाच जर्मनमध्ये ‘क’ झाला, आणि हे एकाच शब्दात घडलेले नाही : ‘जाणणे’ या अर्थी जर्मनमध्ये ‘केनेन’ आहे, तर ‘जन्’ या धातूच्या नात्यातील ‘किंड’ म्हणजे मूल. असे ध्वनिबदल नियमाने होतात, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सविस्तर दाखवून दिले.

‘फाल’ हे ‘फालेन’, म्हणजे पडणे, या क्रियापदापासून आलेले नाम आहे. मूळच्या ‘प’चा जर्मनमध्ये ‘फ’ होतो (आपला ‘पाय’ ज्या ‘पाद’पासून आला, त्याचा तिकडचा सगोत्र ‘फूस’), म्हणून ‘पतन’ सुचणे स्वाभाविक आहे; परंतु मग ‘पत्’मधील ‘त’ कुठे गेला आणि ‘फाल’मधील ‘ल’ कुठून आला, याचा उलगडा होत नाही. ‘पत्’चा मूळ अर्थ उडणे असाही आहे आणि त्याचा खरा जर्मन नातलग ‘फेडर’, म्हणजे पीस, हा आहे. संस्कृतातही ‘पत्र’ म्हणजे पंख. केवळ साम्यावर विसंबले की असे चकवे लागतात.

हा समास आपल्या तत्पुरुषासारखा आहे. ‘क्नी’ नपुंसकलिंगी असूनही, उत्तरपद ‘फाल’ पुल्लिंगी असल्यामुळे सबंध शब्द पुल्लिंगी ठरतो. ‘फूसफाल’ असाही शब्द जर्मनमध्ये आहे; तो तर ‘पाया पडणे’च होय.

७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सा येथील ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकले आणि तेव्हापासून हा शब्द त्या घटनेशी कायमचा जोडला गेला. तेथे तो मृतांना केलेले वंदन सांगतो. राजकीय लेखनात मात्र आपल्या ‘गुडघे टेकणे’प्रमाणे शरणागतीही सुचवतो, म्हणून अनुवाद करताना यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे संदर्भ पाहूनच ठरवावे.