ऑपरेशनमध्ये किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद केला तर ती खराब होते का, वाचवतात कशी?

होऊ शकते, पण सगळं किती वेळ बंद ठेवला त्यावर आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं साधारण 20 ते 25 टक्के एकट्या किडन्यांकडे जातं, तरी किडनीच्या आतल्या भागाला एरवीसुद्धा ऑक्सिजन जेमतेमच मिळतो, म्हणून रक्त थांबलं की तिथल्या नलिकांच्या पेशी आधी मार खातात. आणि लोकांना माहीत नसतं ते म्हणजे रक्त परत सुरू झाल्यावरही नुकसान होतं, अचानक ऑक्सिजन आला की फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात, सूज येते.

किडनीतली गाठ काढताना रक्तवाहिनीला क्लॅम्प (चिमटा) लावतात तेव्हा सर्जन शक्यतो 25-30 मिनिटांच्या आत काम उरकतात, जास्त लागणार असेल तर बर्फाने किडनी थंड करतात कारण थंड पेशीला ऑक्सिजन कमी लागतो. ट्रान्सप्लांटची किडनी पण म्हणूनच 4 डिग्रीच्या आसपास खास द्रावणात ठेवतात, किंवा मशीनने थंड द्रावण तिच्यातून फिरवत ठेवतात, मशीन वापरल्याने नंतर डायलिसिसची गरज कमी पडते.

खात्रीचं औषध अजून नाही. पूर्वी कमी डोसचं डोपामिन द्यायचे, 2000 सालच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

तुमच्या हातात एवढंच की आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, बीपीच्या गोळ्या कुठल्या चालू ठेवायच्या ते आधी विचारा, आणि ऑपरेशननंतर लघवी कमी वाटली तर लगेच सांगा, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसेल तर साचणारा टाकाऊ पदार्थ) वाढायला वेळ लागतो त्याची वाट बघू नका प्लीज.