नातीचा बाप्तिस्मा कुणाच्या चर्चमध्ये?

"आमची नात त्यांच्या चर्चमध्ये गेली, तर ती आमची राहीन का, मॅडम?"

मी कुटुंबांना सल्ला देते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. नागपुरात आम्ही ख्रिस्ती मूठभर, पण सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल अशा पंथांच्या चुली भरपूर. मुलं एकत्र शिकतात, लग्नं जुळतात. लग्नात सगळे मानपान आणि बिर्याणीत गुंतलेले असतात, म्हणून ते निभावून जातं. खरी ठिणगी पडते पहिलं बाळ आलं की: त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, कुणाच्या चर्चमध्ये करायचा?

यावेळी विचारणाऱ्या मावशी साधारण सदुसष्टच्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घर सीएनआयचं, सून कॅथलिक. नात पाच महिन्यांची. मावशींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मलमलीत गुंडाळलेला क्रोशाचा पांढरा झगा, गळ्याशी साटीनची फीत. "माझ्या आईनं विणलेला. आमच्याकडच्या लेकरानं आमच्या चर्चमध्ये घालायचा. ते लोक नवा गाऊन आणून बसले. अन् मुलगा गप्प बसून राहिला, एक शब्द बोलत नाही."

पहिल्या भेटीत मी फक्त माहिती दिली. अर्धी भीती ऐकीव गोष्टींची असते. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं आणि सीएनआयही. तो पुन्हा देत नाहीत. म्हणजे 'तिकडचा' बाप्तिस्मा झाला म्हणून नात परकी होत नाही. मिश्र विवाहात मुलांना कॅथलिक पद्धतीनं वाढवायचा शक्य तो प्रयत्न करीन, असं वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याला त्याची कल्पना दिलेली असावी लागते, सही त्याची नसते. हा बदल पोप पॉल सहावे यांनी 1970 साली केला.

"1970?" मावशी एकदम सावरून बसल्या. "त्या साली तर आमचं एकीकरण झालं. इथेच, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात. मी बारा वर्षांची होती."

29 नोव्हेंबर 1970. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया अशा सहा मंडळ्या नागपुरात एक झाल्या आणि सीएनआय जन्मली. वाटाघाटी कित्येक वर्षं चाललेल्या. एक मोठा पेच बाप्तिस्म्याचाच होता: तान्ह्या बाळाला द्यायचा की समज आल्यावर? शेवटी दोन्ही रिती चालतील असं ठरलं.

मी विचारलं, "मावशी, तुमचा केव्हा झाला?"

बराच वेळ त्या फितीची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. वडील बिलासपूरकडचे, डिसायपल्स मिशनचे. मोठेपणी पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा, हीच त्यांची रीत. आई इथली, स्कॉटिश मिशनची. लेक झाली तशी आईनं झगा विणला. वडील म्हणाले, पोरगी मोठी होऊन स्वतः ठरवेल. मावशींचा बाप्तिस्मा पंधराव्या वर्षी झाला, बुडी घेऊन.

"झगा माझ्या अंगाला लागलाच नाही, मॅडम. आईनं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवला. पहिल्यांदा घातला तो माझ्या पोरानं."

"मग तुम्ही कोणाच्या झाल्या? आईच्या की वडिलांच्या?"

उत्तर आलं नाही. मीही मागितलं नाही.

पुढच्या भेटीला पाच जण आले, दोन्ही आज्या धरून. अट एकच: चर्चबद्दल बोलायचं नाही, कशाची भीती वाटते ते सांगायचं. सुनेची आई म्हणाली, पोरगी तिकडे गेली तेव्हापासून आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या मंडळीत) विचारतात, 'मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) येते का?' मान खाली जाते. मावशींनी झग्याची गोष्ट सांगितली. मुलगा ती पहिल्यांदाच ऐकत होता. माझ्या मते खरा घोळ त्याच्या गप्प बसण्याचा होता. बायकोला हो, आईला हो, आणि दोघींचा राग एकमेकींवर. ते मी त्याला वेगळं बसवून सांगितलं, जरा कडक शब्दांत.

ठरलं ते असं. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी धर्ममाता कॅथलिक असेल, तर तिच्याबरोबर दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला माणूस साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तिथे मुलाची बहीण उभी राहिली. फादरांनी मावशींच्या पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना करू दिली. झगा बाळाला काखेत घट्ट झाला, म्हणून सुनेच्या आईनं बाजूची शिवण उसवून दोन बोटं पट्टी लावली.

मावशी नंतर एकदा आल्या. सगळं छान झालं म्हणाल्या, पण मिस्सेत बाकावरच बसून राहावं लागलं. तिथे आपल्याला प्रभुभोजन (कम्युनियनची पवित्र भाकर) नाही, हे आधी माहीत असूनही टोचलं. मी समजूत घातली नाही. ते टोचणारंच आहे.

"आता पोरीच्या पहिल्या कम्युनियनला पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. "पण त्याला आठेक वर्षं आहेत. तोवर झगा तर नाहीच होणार तिला."