खिळ्यांशिवाय बांधलेली इंग्रजी शेतघरे सहाशे वर्षे कशी टिकली?

आपण विचारले आहे की दक्षिण इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याची जुनी शेतघरे लोखंडी खिळ्यांशिवाय इतकी शतके कशी उभी राहिली आणि त्यांचे लाकूड मोडीत निघालेल्या जहाजांचे असते हे खरे का. जहाजांची गोष्ट बहुतेक घरांच्या बाबतीत दंतकथाच आहे. सुतार जवळच्या रानातला ओक तोडत आणि तो ओला असतानाच घडवत, कारण एकदा वाळला की त्यावर कुऱ्हाड आणि पटाशी चालवणे फार जड जाते.

घराच्या आयुष्याचे मूळ या ओल्या लाकडातच आहे. एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची, अशी ही जोडणी असते. खुंटीची भोके मुद्दाम किंचित पुढेमागे पाडलेली असल्यामुळे ठोकताना खुंटी सांधा आवळून घेते. पुढे काही वर्षांत लाकूड वाळते, पिळवटते, खांब थोडे कलतात, पण सांगाडा एकसंध असल्यामुळे सगळे घर मिळून कलते आणि कुठला एक सांधा सहसा निखळत नाही. वाकड्या दिसणाऱ्या या घरांना मोडकळीला आलेली म्हणणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

ससेक्समधील सिंगल्टनच्या खुल्या संग्रहालयात केंट परगण्यातून आणलेले 'बे लीफ' हे शेतघर अवश्य पाहावे. त्याचा जुना भाग पंधराव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि मालकाच्या खोल्यांचे टोक सुमारे १५१० मधले आहे. मूळ जागेवर जलाशय होणार होता, म्हणून १९६८-६९ मध्ये ते सुटे करण्यात आले आणि नंतर सिंगल्टनला पुन्हा उभारले गेले. हे साधले, कारण अशी घरे मुळातच सुटी होण्यासारखी असत: सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत, जोडीच्या तुकड्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत आणि मग तो जागेवर नेऊन उभा करत.

आत गेल्यावर मधले दालन थेट छपरापर्यंत उघडे दिसते. जमिनीवर मध्यभागी चूल आहे, धुराडे नाही, आणि खिडक्यांना काचेऐवजी उभे लाकडी गज व झडपा आहेत. मी मान वर करून पाहिले तेव्हा वासे काजळीने काळे झालेले दिसले. जुन्या घरात नंतर माळा आणि धुराडे घातलेले असले, तरी माळ्यावरची अशी काजळी हा ते दालन एके काळी उघडे असल्याचा भरवशाचा पुरावा मानला जातो.

खांबांमधल्या भिंती म्हणजे आपल्या ओळखीचा कूडच: ओकच्या उभ्या काठ्यांभोवती हेझलच्या फांद्या विणायच्या, त्यावर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप द्यायचा आणि वरून चुना लावायचा. अशी भिंत ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडूनही देते. विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणून अनेक घरांवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला, त्याने ही वाट बंद झाली, आणि पाचशे वर्षे पाऊस सोसलेला ओक त्या गिलाव्याच्या आड काही दशकांत कुजला. आता जाणते कारागीर तो गिलावा खरवडून पुन्हा चुनाच लावतात.