मुलाचं नाव 'सोपान' ठेवावं का?

प्रश्न : ताई, आम्हाला मुलगा झाला. माझे वडील मागच्या वर्षी गेले, त्यांचं नाव सोपान. तेच बाळाला ठेवावं असं मला वाटतं. बायकोला नाव जुनाट वाटतं, शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'सोप' येतं म्हणून मुलं साबण म्हणून चिडवतील अशी तिला भीती आहे. नावाचा अर्थ काय, ते कुठून आलं आणि हल्ली कुणी ठेवतं का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : बाळाला आशीर्वाद. पुरंदर तालुक्यात शाळेत नोकरी करून निवृत्त झालेय मी, त्यामुळे सोपान नावाबद्दल मी तटस्थ आहे असं समजू नका.

सोपान म्हणजे जिना, पायऱ्यांची वाट. शब्द संस्कृत आहे. केरळात देवळाच्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी उभं राहून जे गातात, त्याला सोपान संगीतच म्हणतात. म्हणजे उद्या मुलगा कोचीला नोकरीला गेला तरी नावाचा अर्थ सांगत बसावं लागणार नाही.

पण आपल्याकडे हे नाव अर्थासाठी कुणी ठेवलं नाही, सोपानकाकांसाठी ठेवलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या भावंडांतले हे तिसरे. परंपरेने जन्म 1277 चा, ज्ञानेश्वरांपेक्षा दोन वर्षांनी धाकटे. 1296 साली कार्तिकात आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्यानंतर महिन्याभराने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानदेवांनी आमच्या पुरंदरातल्या सासवडला. गीतेवरची 'सोपानदेवी' ही ओवीबद्ध टीका त्यांच्या नावावर आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, त्याच दिवसांत सोपानकाकांची पालखीही तिथून पंढरीची वाट धरते.

जनाबाईंच्या अभंगात निवृत्ती शिवाचा अवतार, ज्ञानेश्वर विष्णूचा, मुक्ताबाई आदिशक्ती आणि सोपान ब्रह्मदेवाचा. ब्रह्मदेवाच्या वाट्याला देवळं कमीच, तसे सोपानाच्या वाट्याला नाव ठेवणारेही कमी, असं मला नेहमी वाटतं. ज्ञानेश्वर घरोघर. मुक्ता तर शहरातही टिकली, नाटक-सिनेमावाल्यांनाही आवडते. निवृत्ती मागे पडला, कारण ऑफिसात तो शब्द ऐकला की पेन्शनच आठवते. सोपान मात्र वारकरी घरांतच राहिला. आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात एका पानावर 'सोपान निवृत्ती' आणि खाली दोन ओळींवर 'निवृत्ती सोपान' असे दोघे होते, एकाच आळीतले! संतांचे भाऊभाऊ आमच्या गावात बापलेक झालेले. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पुढच्या वर्षांच्या रजिस्टरात मात्र आधी राहुल, सचिन आले, मग ओम, साई, आणि सोपान फक्त वडिलांच्या रकान्यात उरला.

खानदेशातही हे नाव होतं. बहिणाबाई चौधरींचा मुलगा सोपान, म्हणजे कवी सोपानदेव चौधरी. आईच्या ओव्या त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या, आणि 1952 मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर, त्यांचं पुस्तक निघालं. तुमच्या बायकोला हे जरूर सांगा. नाव जुनं आहे, पण अडाणी नाही.

जुनाटपणाचं म्हणाल, तर मल्हार नावालाही आमच्या तरुणपणी शहरात लोक नाकं मुरडत. आज बालवाडीत हाक मारा, दोन-तीन मल्हार धावत येतील. सोपान अजून तिथे पोचलेला नाही, म्हणून वर्गात तुमचा एकटाच असेल. साबणाचं म्हणाल, तर ज्याला चिडवायचं असतं त्याला कुठलंही नाव पुरतं. स्पेलिंगमध्ये 'पी' नंतर दोन 'ए' घाला, 'सोप' थोडा लपतो. जन्मदाखला, आधार आणि शाळा तिन्हीकडे मात्र एकच स्पेलिंग ठेवा, नाहीतर दहावीच्या फॉर्मच्या वेळी हेलपाटे ठरलेले. 'सोपानदेव' मात्र कागदावर घालू नका, ते संतांना राहू दे. पत्रिका बघत असाल तर 'सो' हे पूर्वाभाद्रपदाचं अक्षर, रास कुंभ. नक्षत्र वेगळं निघालं तर राशीचं नाव निराळं काढा, पाळण्यात दोन्ही सांगता येतात.

आता खरी अडचण, जी तुम्ही विचारलीच नाही. तुमच्या आई आहेत का? असतील तर त्यांनी जन्मभर ज्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही, ते नाव घेऊन नातवाला 'सोपान्या, खाली उतर' असं त्या कशा ओरडणार? आमच्याकडे अशा घरात आजी नातवाला 'काका' म्हणते, किंवा 'माउली'. तेव्हा बारशाआधी आईंना एकदा विचारा, आणि हाक मारायचं नाव त्यांनाच ठरवू द्या.