डाग इथे, गळती भलतीकडेच

प्रश्न : झोपायच्या खोलीच्या छतावर ताटलीएवढा तपकिरी डाग पडलाय. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तो पुन्हा उमटला. वरच्या काकू म्हणतात, "तिथे आमचं कपाट आहे, बाथरूम नाही." मग पाणी येतं कुठून? छत पडेल का?

उत्तर : काकू खोटं बोलत नसतील. पाणी स्लॅबमधून सरळ खाली येतंच असं नाही. फरशीखालच्या भरावातून, वायरिंगच्या पाइपाच्या कडेने सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. माझ्याच घरी डाग पंख्याच्या हुकाजवळ होता आणि गळका सांधा निघाला बारा फुटांवर. तोवर मी भलतीच फरशी फोडून बसलो होतो. गळत्या शोधणं हाच माझा धंदा, त्यामुळे घरच्यांनी ते बरेच दिवस ऐकवलं.

म्हणून 'कुठून' राहू द्या, आधी 'कधी' ते बघा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पावसातच रेघ ओलांडली जात असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत तपासा. डाग बारा महिने ओला असेल तर संशय नळाच्या लाइनवर. काकूंना सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघायला सांगा. तरी काटा फिरला तर पाणी कुठेतरी गळतंय. आंघोळी-धुण्यानंतर वाढत असेल तर काकूंच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचं (फरशीतून पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या भोकाचं) तोंड बंद करून इंचभर पाणी 24 तास साठवायचं. साठलेलं असताना डाग वाढला तर दोष फरशीत, सोडून दिल्यावर वाढला तर खालच्या पाइपात. ओल झिरपायला वेळ लागतो, तेव्हा मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

आता भीतीचं. बाजूला उभं राहून झाडूच्या दांड्याने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय, पलंग तिथून हलवा. सरळ रेषेत तडा आणि तांबूस ओघळ दिसले तर मात्र आतली सळई गंजलेली असू शकते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. दिव्यातून किंवा पंख्यातून थेंब पडला तर आधी मेन स्विच बंद.

रंग सगळ्यात शेवटी. गळती थांबल्यावर पोपडे खरवडून छत काही आठवडे उघडं ठेवा. मग प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. कोरडा निघाला तर डाग अडवणारा प्राइमर, त्यावर रंग. तुमच्या रंगाऱ्याने बहुधा हा प्राइमरच गाळला असावा.