फिटिंग म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : बाणेरच्या एका डिझाइन ऑफिसात मी रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं मॉडेल करायच्या प्रोग्रॅमवर, काम करते. त्यात पाइप फिटिंग, पाइप अ‍ॅक्सेसरी आणि प्लंबिंग फिक्स्चर असे वेगवेगळे गट आहेत. साइटवर मात्र सगळ्यालाच फिटिंग म्हणतात. साइटसाठी मराठीत यादी करायची आहे, तर कोणते शब्द वापरू?

उत्तर : साइटवाल्यांचं काही चुकत नाही. रेव्हिटनेच फिटिंगला फार थोडक्या जागेत बसवलंय. पाइप वळला, त्याला फाटा फुटला किंवा त्याचा व्यास बदलला की तिथे जे लागतं ते फिटिंग : एल्बो, टी, रिड्यूसर वगैरे. पाइप काढत गेलात की बहुतेक वेळा प्रोग्रॅमच ते टाकतो. व्हॉल्व्ह, स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) आपण मुद्दाम ठेवायचे, ते अ‍ॅक्सेसरीत. कमोड, बेसिन, सिंक हे फिक्स्चर.

आपल्याकडे हा शब्द कुठेही शिरतो. ‘गीझर घेतला, फिटिंगचे वेगळे’ यातलं फिटिंग वस्तू नाहीच, ती मजुरी. दुकानात सीपी (क्रोम प्लेटेड) फिटिंग मागा, नळ आणि शॉवर पुढ्यात येतील. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत लाइट फिटिंग म्हणजे दिवा. रेव्हिटमध्ये तोच लायटिंग फिक्स्चर. आणि ‘घराचं लाइट फिटिंग राहिलंय’ म्हटलं की वायरिंग! सॉकेटचंही तसंच. प्लंबरचा सॉकेट दोन पाइप जोडतो, वायरमनच्या सॉकेटात प्लग जातो.

तेव्हा ‘संधानक’, ‘उपांग’ असले शब्द घडवत बसू नका, कोणी वाचणार नाही. मथळे असे द्या : ‘पाइपाचे जोड’, ‘व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर’, ‘सॅनिटरी आणि सीपी’. खाली वस्तूंची नावं चालू बोलीतली. मापं दोन्ही लिहा, कारण तुमचा २० मिमी एल्बो प्लंबरच्या तोंडी ‘पाऊण इंची’ असतो. मजुरीच्या रकान्यात फिटिंग नको, ‘बसवण्याची मजुरी’ लिहा. बिलाच्या वेळचे वाद तिथूनच निघतात.

बाथरूममधल्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारा, गटाराचा वास अडवणारा ट्रॅप असेल, तर नुसतं ‘फ्लोअर ड्रेन’ लिहू नका. त्याला साइटवर नानी ट्रॅप म्हणतात. यातली ‘नानी’ म्हणजे आपली न्हाणी. यादीत न्हाणी ट्रॅप लिहिलंत तरी प्लंबरला बरोबर कळेल.