जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती 800 थंडीत सुरू करताना इंजिनाची झीज कशी टाळावी?

रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. 20डब्ल्यू-50 ग्रेडचं ऑइल थंडीत घट्ट होऊन उशिरा वर चढतं. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर 10डब्ल्यू-40 भरा.

चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून ओढायचा नॉब) पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दाबू नका. सेल्फ एका वेळी पाच सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत रेस नको. इंजिन सावरलं की चोक हळूहळू आत ढकला. तो ओढलेलाच राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, खरी झीज तिथे होते.

दहा मिनिटं उभ्याने गरम करण्यात अर्थ नाही. अर्ध्या-एक मिनिटात निघा, तापमानाचा काटा वर येईपर्यंत गिअर ताणू नका.

आणि मेकॅनिकने ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय का, बघा. बऱ्याचदा काढलेला असतो, परत बसवा.